दुपारी बाराला राजकोट

(सांगलीतल्या एका विज्ञान मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

टेबलावरचा हा ट्रान्झिस्टर माझ्या वडिलांचा. चामड्याचं कव्हर कधीच गेलं, एरियल अर्ध्यात मोडली. पण मीडियम वेव्हला त्या एरियलचं कामच नसतं, त्यामुळे माझं काही अडलेलं नाही.

रत्नागिरीत राहत होतो तेव्हा कुठलं स्टेशन कसं लागलं याची मी एक वही ठेवायचो. तिच्यातल्या एका पानाने मला भरदुपारी मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं पकडायच्या नादाला लावलं. जानेवारीतली दुपार, बारा वाजलेले, मी भाट्याच्या किनाऱ्यावर. आधी लावलं पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. मग मुंबई, ५५८. दोन्हीकडचे ट्रान्समीटर १०० किलोवॉटचे. पुणं तिथून सरळ रेषेत एकशेऐंशी किलोमीटर. मुंबईचा ट्रान्समीटर मालाडला, म्हणजे अडीचशेच्या घरात. शाळेतल्या हिशेबाने पुणं मोठ्याने वाजायला हवं. प्रत्यक्षात मुंबई खणखणीत, आणि पुणं म्हणजे भिंतीपलीकडे नवरा-बायकोचं भांडण चाललंय, कळतंय पण शब्द लागत नाहीत, इतपत.

मी सेल बदलले. रेडिओ बदलून पाहिला. तेच.

रात्री लांबची स्टेशनं लागतात हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या डोक्यावर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर आहे, त्याला डी थर म्हणतात. (ए, बी, सी कुठे गेले असं विचारू नका. ब्रिटिश शास्त्रज्ञ अ‍ॅपल्टन यांनी आधी सापडलेल्या थराला इलेक्ट्रिक म्हणून ‘ई’ म्हटलं, मग खालचा डी आणि वरचा एफ झाला.) सूर्य असतो तोवर डी थरात मोकळे इलेक्ट्रॉन तयार होत राहतात. वर निघालेली मध्यमलहर, म्हणजेच मीडियम वेव्ह, त्यांना हलवते, ते आजूबाजूच्या दाट हवेवर आदळतात आणि लहरीची ताकद तिथेच जिरते. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहर आणखी वर पोचते, तिथून परत फिरते आणि हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरते. रात्री घरबसल्या परदेशी स्टेशन लागलं तर त्यात तुमचं कौशल्य थोडं आणि आभाळाची कृपा जास्त.

दिवसा ती कृपा नाही. दिवसा लहर येते ती जमिनीला घासत. आणि वाटेतली प्रत्येक जमीन आपला कर कापून घेते. विजेच्या दृष्टीने जमीन जितकी वाहक, तितका कर कमी. समुद्राचं खारं पाणी या बाबतीत कोरड्या खडकाळ जमिनीच्या चार-पाच हजार पट वाहक आहे. आता माझ्या वहीतलं कोडं बघा. मालाड ते भाटे ही वाट जवळजवळ सगळी किनाऱ्याला लागून, बरीचशी समुद्रावरून. पुणे ते भाटे म्हणजे सह्याद्री ओलांडून, बसाल्टवरून, मग जांभ्यावरून. शिवाय ५५८ ची लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब, ७९२ ची तिच्याहून आखूड, आणि लहर जितकी आखूड तितकी जमीन तिला जास्त खाते. पुण्याचं काही चुकलं नव्हतं. वाट वाईट होती.

हे कळल्यावर मी हावरट झालो. समुद्रावरून आणखी कोण येतं? ८१० वर राजकोट, ३०० किलोवॉट. रत्नागिरीपासून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, त्यातली पहिली पाचशे पाण्यावर, शेवटची दीडशे सौराष्ट्राच्या जमिनीवर. आठ दिवस रोज दुपारी किनाऱ्यावर गेलो. पोरं विचारायची, ‘काका, मॅच आहे काय?’ नवव्या दिवशी खरखरीच्या तळाशी एक बाई बोलत असल्याचं जाणवलं. भाषा कळेना. दहा मिनिटांनी एक ‘छे’ कानावर पडलं, मग आणखी एक. आणि मग स्वच्छ ‘राजकोट’. भरदुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं. तोच रेडिओ घेऊन दोन किलोमीटर आत, घरी आलो, तर तिथे नुसती सरसर.

जमीन काय करू शकते याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत आहे. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावी केएफवायआर नावाचं स्टेशन, ५५० किलोहर्ट्झ, ताकद फक्त ५ किलोवॉट. पण भोवती सपाट, ओल धरणारी गवताळ जमीन मैलोन्‌मैल. त्यामुळे दिवसा त्याचा पल्ला तिथल्या ५० किलोवॉटच्या कित्येक स्टेशनांना लाजवतो. ट्रान्समीटर बसवणाऱ्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. मालाडची जागा खाडीकाठची आहे, ती उगाच नाही. मनोऱ्याखाली तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या जमिनीत पुरतात. आपण घराच्या अर्थिंगला खड्ड्यात मीठ-कोळसा घालतो, त्याचंच हे मोठं भावंड.

तुम्ही सांगलीकर तसे भाग्यवान. काळी जमीन, त्यात कृष्णेची ओल. पण तुमचं एक दुर्दैवही सांगतो, कारण त्यात रेडिओचं अर्धं शास्त्र आहे. या ट्रान्झिस्टरच्या पोटात काळ्या फेराइटची कांडी आहे, तिच्यावर तार गुंडाळलेली. तीच मीडियम वेव्हची खरी एरियल. कांडी स्टेशनाकडे आडवी धरली की आवाज सगळ्यात मोठा, आणि तिचं टोक स्टेशनाकडे रोखलं की आवाज गडप. मोठा आवाज बऱ्याच कोनांत मिळतो, गडप होण्याची जागा मात्र सुईच्या टोकाएवढी. म्हणून जाणकार माणूस स्टेशन मिळवायला रेडिओ फिरवत नाही, नको असलेलं स्टेशन घालवायला फिरवतो. आता धारवाड ७६५ वर, २०० किलोवॉट. पुणे ७९२ वर. स्वस्तातल्या सेटवर धारवाड पुण्यात सांडतं. घालवा म्हणाल, तर कांडीला पुढचं-मागचं कळत नाही, आणि नकाशा उघडा, पुणे, सांगली, धारवाड जवळजवळ एका रेषेत! धारवाड घालवलंत की पुणंही जातं. कोल्हापुराकडे सरकून काही फरक पडतो का, ते एकदा पाहायचं आहे.

आकड्यांवरून आठवलं. ५५८, ७९२, ८१०, ७६५, तुमचं सांगलीचं १२५१: कुठल्याही आकड्यातले अंक मिळवा, बेरीज नऊच्या पाढ्यात येते. नोव्हेंबर १९७८ पासून आपल्या भागातली मीडियम वेव्हची सगळी स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली आहेत. काटा कुठे थांबवायचा, हे डिजिटल सेटवर त्यामुळे आधीच कळतं.

ज्यांना हात चालवायचा आहे त्यांनी दोन फुटांची लाकडी चौकट करावी, तिच्यावर तारेचे दहा-अकरा वेढे घ्यावेत आणि दोन टोकांना जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन बदलताना आत फिरतो तो भाग, जोडावा. रेडिओला तार जोडायची नाही, नुसता चौकटीजवळ ठेवायचा. गँग फिरवता फिरवता एका जागी मेलेलं स्टेशन उठून बसतं. इतक्या थोड्या सामानात एवढा आनंद दुसरीकडे नाही.

पण आज खरा शत्रू अंतर नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर, छतावरच्या सोलरचे इन्व्हर्टर, हे सगळे मीडियम वेव्हवर दिवसभर किरकिरत असतात. भारनियमनाच्या काळात लोक शिव्या घालायचे आणि मी रेडिओ काढून बसायचो. वीज गेली की आख्ख्या गल्लीचा आवाज बंद व्हायचा आणि काट्याच्या प्रत्येक थांब्यावर कोणीतरी हजर असायचं. एप्रिल-मेमध्ये मात्र वीज जाऊनही उपयोग नाही. वळवाचे ढग शेकडो किलोमीटरवर असले तरी त्यांचा कडकडाट इथे ऐकू येतो. थंडीतली दुपार सगळ्यात चांगली.

आणखी एक संधी असायची, रेडिओच्या दोन प्रसारण सभांच्या मधल्या वेळातली. ‘आमची पहिली सभा इथे संपत आहे’ म्हणून जवळचं केंद्र बंद झालं की त्याच कंपनसंख्येवरचं लांबचं केंद्र खालून वर यायचं. आता आकाशवाणीने मध्यमलहरींचे अनेक ट्रान्समीटर कायमचेच बंद केलेत. बरेच जण हळहळतात, मीही. पण वहीवाला माणूस लबाड असतो. मोकळी झालेली प्रत्येक जागा मी दुपारी बाराला तपासतोच.

तुमच्या आयर्विन पुलाला ज्यांचं नाव आहे, त्याच लॉर्ड आयर्विन यांनी २३ जुलै १९२७ ला मुंबईच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन केलं. दीड किलोवॉटचा ट्रान्समीटर, पल्ला पन्नासेक किलोमीटर. तेव्हा सांगलीत दुपारी मुंबई ऐकणं शक्यच नव्हतं.

आता ऐकवून दाखवा म्हणाल. घड्याळ बघा, सव्वापाच. थंडीतले दिवस, सूर्य उतरलाय, डी थर पातळ होऊ लागलाय. या घटकेला काही लागलं तर ते जमिनीवरून आलं की आभाळातून, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. उद्या रविवार. बाराला घाटावर या, पुलावरच्या दिव्यांपासून जरा लांब. सेल नवे आणा, आणि मोबाइल घरी ठेवा.