कोचने लँडिड्नोला : वेल्सच्या किनाऱ्यावरची एक जुनी सुट्टी

(दृश्य : उत्तर इंग्लंडमधील एका छोट्या गावाची बाजारपेठ. सकाळ. थांब्यावर प्रवासी.)

लँकेशर किंवा यॉर्कशरमधल्या एखाद्या छोट्या गावात, सोमवारी सकाळी, बाजारपेठेजवळच्या ठरलेल्या थांब्यावर बॅगा घेऊन उभी असलेली ज्येष्ठ मंडळी दिसतात. विमानतळावरची तपासणी, फलाट बदलण्याची धावपळ किंवा परक्या शहरात टॅक्सी शोधण्याची चिंता त्यांच्या वाट्याला येणार नसते. कोच, म्हणजे लांब पल्ल्याची आरामबस, येतो, चालक खाली उतरतो, यादीत नाव पाहतो आणि बॅग उचलून खालच्या कप्प्यात ठेवतो. तिथून हॉटेलच्या खोलीपर्यंत ती बॅग नेण्याची जबाबदारी प्रवाशावर नसते. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांनी वयोमानानुसार गाडी चालवणे सोडले आहे, किंवा जोडीदाराच्या निधनानंतर ज्यांना एकट्याने प्रवास करण्याचे धैर्य होत नाही, त्यांच्यासाठी ही सोय म्हणजे सुट्टीला जाता येणे आणि न येणे यांतला फरक असतो.

ब्रिटनमध्ये या प्रकाराला ‘कोच हॉलिडे’ म्हणतात. गावोगावचे प्रवासी पुष्कळदा आधी एका मोठ्या तळावर आणले जातात, आणि तिथे प्रत्येक जण आपापल्या ठिकाणच्या कोचमध्ये बसतो : कुणी स्कारबरोला, कुणी टॉर्कीला, तर कुणी वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लँडिड्नोला. आसनाचा क्रमांक आरक्षणाच्या वेळीच ठरतो आणि सहल संपेपर्यंत तोच राहतो, त्यामुळे पुढच्या जागांसाठी लोक कित्येक महिने आधी नाव नोंदवतात. साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाने पाऊण तास विश्रांती घेतलीच पाहिजे, असा कायदा आहे, आणि कोचचा वेग यंत्रानेच ताशी १०० किलोमीटरवर रोखलेला असतो. प्रवास म्हणूनच संथ होतो; वाटेत चहासाठी आणि स्वच्छतागृहासाठी थांबे घेतले जातात, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

(दृश्य : ए ५५ महामार्ग. उजवीकडे समुद्र, डावीकडे टेकड्या.)

इंग्लंडची हद्द ओलांडली की ए ५५ हा महामार्ग वेल्सच्या किनाऱ्याच्या दिशेने पश्चिमेकडे जातो. लँडिड्नोसाठी तो सोडून उत्तरेकडे वळावे लागते, आणि थोड्याच वेळात दोन चुनखडकी डोंगरांच्या मधोमध वसलेला अर्धचंद्राकार किनारा समोर येतो. पश्चिमेचा मोठा डोंगर म्हणजे ग्रेट ऑर्म आणि पूर्वेचा लहान डोंगर म्हणजे लिटल ऑर्म. या दोघांच्या मध्ये फिकट रंगांच्या, तीन-चार मजली हॉटेलांची एक लांबलचक कमान किनाऱ्याच्या वळणाबरोबर वळत जाते. पहिल्यांदाच आलेल्या प्रवाशांचे संभाषण इथे आपोआप थांबते.

ही कमान योगायोगाने उभी राहिलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे डोंगराच्या कुशीत तांब्याच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांची आणि कोळ्यांची घरे होती, आणि आज जिथे हॉटेले आहेत तिथे दलदल होती. १८४८ मध्ये लिव्हरपूलचे वास्तुविशारद आणि मोजणीदार ओवेन विल्यम्स यांनी या दलदलीच्या जागी समुद्रस्नानाचे शहर वसवण्याचा आराखडा जमीनमालक लॉर्ड मॉस्टिन यांच्यापुढे मांडला. मॉस्टिन घराण्याने तो मनावर घेतला आणि जमिनी भाडेपट्ट्याने देताना बांधकामाच्या अटी कटाक्षाने घातल्या. रुंद रस्ते आणि समुद्राकडे तोंड करून एका शिस्तीत उभ्या असलेल्या इमारती हे त्या अटींचे फळ आहे. १८५८ मध्ये रेल्वेचा फाटा आला आणि मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅमकडची सुखवस्तू कुटुंबे इथे उतरू लागली. ‘वेल्सच्या समुद्रस्नान-नगरांची राणी’ हे बिरुद शहराला तेव्हापासून चिकटले आहे.

रेल्वेने जे सुरू केले ते पुढे रस्त्याने सर्वसामान्यांपर्यंत नेले. पहिल्या महायुद्धानंतर उघड्या टपाच्या मोटारगाड्या कामगारांना दिवसभराच्या सहलीला नेऊ लागल्या. १९३८ च्या भरपगारी रजेच्या कायद्याने आठवडाभर घराबाहेर राहण्याचा मार्ग खुला केला. लँकेशरच्या गिरण्या वर्षातून एकदा एकाच आठवड्यात बंद राहत आणि अख्खे गाव त्या सुट्टीत किनाऱ्याकडे निघे. गिरण्या गेल्या, पण किनाऱ्याची ओढ गेली नाही, आणि त्या पिढीच्या मुलांना आज कोचचा आधार आहे.

(दृश्य : हॉटेलचे भोजनगृह, सायंकाळ.)

या सहलीचे खरे रूप हॉटेलच्या भोजनगृहात दिसते. आगाऊ भरलेल्या रकमेत मुक्काम, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण धरलेले असते. नाश्त्याच्या वेळीच रात्रीच्या जेवणाचा कागद टेबलावर येतो. त्यावर सूप, मुख्य पदार्थ आणि गोड पदार्थ यांपैकी काय हवे त्यापुढे खूण करायची असते. संध्याकाळी ठरलेल्या वेळी दारे उघडतात आणि तीन-चार अनोळखी माणसे एका टेबलावर बसतात. पहिल्या दिवशी हवामानाविषयी आणि प्रवासाविषयी बोलणे होते, दुसऱ्या दिवशी नातवंडांची छायाचित्रे निघतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणाला गोड चालत नाही, कोणाला मीठ कमी लागते, हे शेजाऱ्याला ठाऊक झालेले असते. जेवणानंतर बिंगो होतो; मग एखादा गायक कीबोर्डच्या साथीने १९६० च्या दशकातली गाणी म्हणतो आणि काही जोडपी लाकडी फरशीवर नाचतात. हे सारे जुनाट आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. घरी दिवसचे दिवस कोणाशी बोलणे न होणाऱ्या माणसाला रोज रात्री ठरलेल्या खुर्चीवर कोणीतरी वाट पाहत असल्याचा जो आनंद होतो, तो त्यांनी पाहिलेला नसावा, असे आम्हांला वाटते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलांकडे उन्हाळ्यात आलेल्या मराठी आई-वडिलांनाही हा प्रवास मानवणारा आहे. फक्त शाकाहारी जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच सांगून ठेवावे, आणि एकट्या प्रवाशाने एका माणसाच्या खोलीसाठी जादा आकार आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

(दृश्य : किनाऱ्यालगतचा फिरण्याचा रस्ता आणि पिअर.)

सकाळी बहुतेक जण किनाऱ्यालगतच्या फिरण्याच्या रस्त्यावर येतात. रस्ता रुंद आणि पूर्णपणे सपाट असल्यामुळे काठी, वॉकर किंवा चाकांची खुर्ची घेऊन आलेल्यांनाही तो संपूर्ण पालथा घालता येतो. वारा वाढला तर बसायला आडोशाची बाके आहेत. पश्चिम टोकाला १८७७ मध्ये उघडलेला पिअर समुद्रात शिरतो. सुमारे ७०० मीटर लांबीचा हा लोखंडी खांबांवरचा धक्का वेल्समधला सर्वांत लांब पिअर आहे. लिव्हरपूलहून प्रवासी घेऊन येणाऱ्या आगबोटी एके काळी इथेच लागत. ती सेवा १९६२ मध्ये थांबली. आज पिअरच्या टोकावर उभे राहिले की क्षितिजावर ‘ग्विंट अ मोर’ या पवनऊर्जा प्रकल्पाच्या १६० पवनचक्क्या फिरताना दिसतात. पिअरजवळच कॉडमन कुटुंबाचा हातबाहुल्यांचा खेळ होतो. तो १८६० मध्ये सुरू झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्याने चालवला आहे; आजोबा झालेली माणसे लहानपणी जिथे बसली होती तिथेच नातवंडांना घेऊन बसतात.

पण लँडिड्नोतली आमची सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे ग्रेट ऑर्मची ट्राम. ती ३१ जुलै १९०२ रोजी सुरू झाली. सार्वजनिक रस्त्यावरून पोलादी दोराने ओढली जाणारी अशी ट्राम ब्रिटनमध्ये आता दुसरीकडे कुठेही नाही. गावातल्या व्हिक्टोरिया स्थानकातून निघालेला निळा लाकडी डबा घरांच्या ओळींमधून, अगदी लोकांच्या खिडक्यांजवळून, उभा चढ चढतो. दोर रस्त्याखालच्या खाचेतून जातो, त्यामुळे डबा कशाच्या जोरावर चढतो आहे हे कळत नाही. खरी मेख अशी की दोराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा डबा असतो. एक खाली येताना दुसऱ्याला वर ओढायला मदत करतो, आणि अर्ध्या वाटेवर दोघे एकमेकांच्या शेजारून जातात. डब्यातला माणूस दोर ओढत नाही. ते काम मधल्या ‘हाफवे’ स्थानकातल्या यंत्रघरातून होते. तिथे १९५८ पर्यंत वाफेची इंजिने होती, आता विजेवर काम चालते. हाफवेला उतरून सर्वांना दुसऱ्या डब्यात बसावे लागते, कारण वरचा टप्पा यंत्रणेच्या दृष्टीने स्वतंत्र आहे. यंत्रघराच्या काचेतून मोठमोठी चाके फिरताना दिसतात, आणि त्यापुढे गर्दी करण्यात ज्येष्ठ मंडळी मुलांच्या मागे नसतात.

हाफवेजवळच कांस्ययुगीन तांब्याची खाण आहे. १९८७ मध्ये वाहनतळासाठी जागेची पाहणी करताना तिच्या प्राचीनतेचा उलगडा होऊ लागला आणि १९९१ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी हाडांची अवजारे आणि दगडी हातोडे वापरून हे बोगदे खणले. त्यांतले काही इतके अरुंद आहेत की तिथे लहान मुलेच काम करत असावीत. डोंगरमाथा २०७ मीटर उंच आहे. तिथे मोकळ्या फिरणाऱ्या, लांब शिंगांच्या पांढऱ्या बकऱ्या मूळच्या काश्मिरी जातीच्या आहेत. राणी व्हिक्टोरियाने विंडसरच्या कळपातली जोडी लॉर्ड मॉस्टिन यांना दिली आणि तिची संतती इथे रानटी झाली, असे सांगितले जाते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रस्ते ओस पडले, तेव्हा याच बकऱ्या गावात उतरून लोकांच्या बागा खात फिरल्या आणि जगभर गाजल्या.

एक दिवस कोच सर्वांना कॉन्वीला नेतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ ते १२८७ या काळात बांधलेला किल्ला, गावाभोवतीची तटबंदी आणि अभियंता टॉमस टेलफर्ड यांचा १८२६ मधला झुलता पूल इथे एकाच नजरेत मावतात. दुसऱ्या दिवशी एरीरीच्या पर्वतांकडे किंवा अँगलसी बेटाकडे फेरी होते. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस गेल्यास बॉडनंट बागेतली लॅबर्नमची पिवळ्या फुलांची कमान चुकवू नये.

(दृश्य : मे २०२०. रिकामी हॉटेले, बंद दारे.)

ज्या वसंतात बकऱ्यांची छायाचित्रे सगळीकडे फिरत होती, त्याच वसंतात या व्यवसायावर सर्वांत मोठे संकट आले. २२ मे २०२० रोजी शिअरिंग्ज या देशातल्या सर्वांत परिचित कोच-सहल कंपनीच्या मूळ उद्योगसमूहाचे दिवाळे निघाले. सुमारे २,५०० नोकऱ्या गेल्या आणि हजारो सहली रद्द झाल्या. वर्तमानपत्रांतून हा एका जुन्या पद्धतीचा शेवट म्हणून लिहिले गेले. तसे झाले नाही. शिअरिंग्ज हे नाव दुसऱ्या सहल-कंपनीने विकत घेतले आणि कोच पुन्हा किनाऱ्याकडे निघाले.

याचे एक कारण हिवाळ्यात सापडते. जुलै-ऑगस्टमध्ये कुटुंबे स्वतःच्या गाड्या घेऊन येतातच. हॉटेलांपुढचा प्रश्न असतो तो नोव्हेंबरचा. तेव्हा कोचमधून येणाऱ्या मंडळींसाठी ‘टर्की अँड टिन्सल’ नावाचा मुक्काम ठेवला जातो. सोमवारी आल्यावर झाडाला दिवे लावलेले असतात, एका दिवशी नाताळची पूर्वसंध्या, दुसऱ्या दिवशी नाताळचे जेवण आणि शेवटच्या रात्री नववर्षाचे स्वागत होते. खऱ्या नाताळात एकटे राहावे लागणाऱ्यांना यानिमित्ताने सण साजरा करता येतो, आणि स्वयंपाकघरातल्या, खोल्या आवरणाऱ्या कामगारांना थंडीतही पगार मिळतो. किनारी शहरांच्या विकासाच्या चर्चेत या ग्राहकाची दखल फार थोडी घेतली जाते, आणि ती घेतली जावी असा आमचा आग्रह आहे.

शुक्रवारी सकाळी नाश्त्यापूर्वीच बॅगा खोल्यांच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. प्रवासी चालकासाठी गोळा केलेले पाकीट त्याच्या हातात देतात, काही जण पुढच्या वर्षाचे आरक्षण स्वागतकक्षात तिथल्या तिथे करून टाकतात, आणि कोच निघाल्यावर खोल्या आवरणारे कामाला लागतात, कारण दुपारी पुढच्या कोचची मंडळी यायची असते.