गुगलला सगळं सांगता, पण ते साठतं कुणाच्या खात्यावर?

राम राम मंडळी. आज फोन हातात घेऊनच बसा, कारण नुसतं ऐकायचं नाहीये, सोबत करत पण जायचंय. विषय आहे सर्च. म्हणजे आपण दिवसभर गुगलवर जे टाकतो ते कुठं जातं, कोण ठेवतं, किती दिवस ठेवतं आणि कुणाच्या खात्यावर ठेवतं. हा शेवटचा प्रश्न आपल्या खान्देशात भलताच मोठा आहे आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही, म्हणून आज बोलतोय.

आधी एक स्क्रीन दाखवतो. रावेर तालुक्यातले ओळखीचे एक काका आहेत, केळीवाले. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं त्यांचा फोन घेतलाय. नाव गाव सांगणार नाही, आणि पुढं बघा, सांगायची गरजपण पडत नाही.

[स्क्रीन दाखवतो]

हे उघडलंय मायॲक्टिव्हिटी डॉट गुगल डॉट कॉम. काय शोधलं ते आणि त्याची वेळ. खालून वर वाचतो, म्हणजे जुनं आधी. "केळीच्या पानावर पिवळे पट्टे". रात्रीचे पावणेबारा. लगेच त्याच्यावर "सीएमव्ही औषध". आता केळीवाल्यांना माहितीये भो, सीएमव्ही म्हणजे केळीवरचा व्हायरसचा रोग, तो आला की औषध नाही, झाड उपटून नष्टच करावं लागतं, पण तरी माणूस रात्री एकदा शोधतोच ना. सकाळी "बऱ्हाणपूर केळी भाव आज". दुपारी "पीक कर्ज नवं जुनं शेवटची तारीख". संध्याकाळी "सोनं तारण एक तोळ्यावर किती मिळतात". मग "मंगल कार्यालय भुसावळ भाडं". आणि परत रात्री, "छातीत डाव्या बाजूला दुखणे गॅस की हार्ट".

एवढ्या सात ओळी वाचल्या की आपल्याला काय काय कळलं बघा. बागेत रोग आलाय, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे, घरातलं सोनं ठेवायची वेळ आलीये, लग्न तोंडावर आहे आणि छातीत दुखतंय. छातीचं त्यांनी घरात काकूंना पण सांगितलेलं नव्हतं. सराफाकडे गेले असते तर सराफाला फक्त सोन्याचं कळलं असतं, डॉक्टरला फक्त दुखण्याचं, सोसायटीच्या सचिवाला फक्त कर्जाचं. इथं सगळं एका जागी, तारखेवार, मिनिटासकट लावून ठेवलंय. (दुसऱ्या दिवशी त्यांना जळगावला नेऊन ईसीजी काढून आणला, ठीक आहेत ते, काळजी नको.)

आता कुणी म्हणेल की कंपनीला आपल्या नावाचं काय करायचंय, ते नाव काढून टाकत असतील. तर २००६ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत काय झालं ते ऐका. एओएल नावाची कंपनी होती, तेव्हा मोठी होती, तिनं संशोधन करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून साधारण साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे सर्च, दोन कोटींच्या आसपास, उचलून इंटरनेटवर ठेवून दिले. नावं काढली होती, प्रत्येकाला नुसता नंबर. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातला ४४१७७४९ हा नंबर घेतला, त्याच्यासमोरचे सर्च वाचले, त्यात बोटं बधिर होतात त्याच्याबद्दल होतं, घरात कुठंही लघवी करणाऱ्या कुत्र्याबद्दल होतं, लिलबर्न नावाच्या गावात बागकाम करून देणारे कोण आहेत ते होतं, एकाच आडनावाची बरीच माणसं शोधलेली होती, आणि थोड्याच दिवसांत ते जॉर्जिया राज्यातल्या त्या लिलबर्नमध्ये एका ६२ वर्षांच्या बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. बाईंनी मान्य केलं की हो, हे सगळे सर्च माझेच. कंपनीनं फाइल मागं घेतली पण तोपर्यंत तिच्या कॉपी लोकांनी उतरवून घेतल्या होत्या. आपण काय शोधतो तोच आपला पत्ता असतो, आणि रावेर सावद्यासारख्या ठिकाणी तर अजूनच लवकर सापडतो, कारण माणसं कमी आणि सगळे एकमेकांच्या ओळखीचे.

बरं, हे जमा कसं होतं ते थोडक्यात. तुम्ही सर्चच्या पट्टीत "केळ" एवढंच टाइप केलं की खाली सजेशन येतात ना, केळी भाव, केळी लागवड? ती येतात कारण तुम्ही टाकलेलं अक्षर अक्षर तिकडं सर्व्हरवर पोचतंय, सर्चचं बटन दाबायच्या आधीच. म्हणजे टाइप करून खोडलं तरी ते गेलेलं असू शकतं. त्याच्यासोबत तुमचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता जातो, फोन कुठला, भाषा कुठली, कुकी, म्हणजे तुम्हाला परत ओळखायला साइटनं फोनमध्ये ठेवलेली खूण, आणि लॉगिन असाल तर थेट खातं. आता कुठलाही सर्च करून पान एकदम तळापर्यंत खाली न्या. बहुतेक वेळा तिथं तुमचं गाव लिहिलेलं दिसेल आणि ते कशावरून ओळखलं ते पण. जळगाव दिसलं? हां. मग त्यापुढं एखाद्या लिंकवर क्लिक करून तुम्ही वेबसाइटवर जाता, तर तिथं पण बऱ्याच साइटवर गुगलचंच मोजमापाचं आणि जाहिरातीचं कोड बसवलेलं असतं. डबलक्लिक नावाची जाहिरातीची कंपनी गुगलनं २००८ मध्ये घेतली, त्यामुळं सर्चच्या बाहेर पण साखळी चालूच राहते.

इथं एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे, कारण अर्धे व्हिडिओ इथं चुकीचं सांगतात. गुगल तुमचा डेटा विकत नाही असं गुगल म्हणतं, आणि काकांच्या नावाची यादी कुणा सोनं तारणवाल्याला पाठवली जाते असं काही नसतं. होतं काय, जाहिरातवाला सांगतो मला अशी अशी माणसं पाहिजेत, आणि जाहिरात कुणाला दाखवायची ते गुगल स्वतः ठरवतं. आजारपण किंवा पैशाची अडचण धरून वैयक्तिक जाहिरात करू द्यायची नाही असे त्यांचे नियम पण आहेत. ठीक आहे. पण मला खटकतं ते वेगळंच. तुम्ही "सोनं तारण" शोधलं तर त्याच शब्दावर तिथल्या तिथं जाहिरातवाल्यांची बोली लागते. त्याच्यासाठी तुमची मागच्या दीड वर्षाची हिस्टरी लागतच नाही. डकडकगो नावाचं सर्च इंजिन २००८ पासून आहे, ते याच पद्धतीनं, फक्त समोर टाकलेल्या शब्दावर जाहिरात दाखवून कमावतं आणि हिस्टरी ठेवत नाही. म्हणजे धंदा होऊ शकतो. तरी साठवलं जातं, आणि जे साठलंय ते उद्या फुटू शकतं, कोर्टाच्या आदेशानं मागवलं जाऊ शकतं, नियम बदलले की दुसऱ्याच कामाला लावलं जाऊ शकतं. २०१२ मध्ये गुगलनं आपल्या सगळ्या सर्व्हिसची पॉलिसी एक करून टाकली होती, त्याच्या आधी सर्च आणि यूट्यूब इतके सरळ जोडलेले नव्हते. वापरणाऱ्याला विचारलं होतं का? नोटीस आली, लोकांनी ओके दाबलं.

आता आपल्याकडचा मुद्दा, ज्याच्यासाठी खरंतर हा व्हिडिओ बनवला.

आपल्याकडं नवीन फोन घेतला की दुकानातला पोरगाच पाच मिनिटात जीमेल काढून देतो. पासवर्ड काय, तर नाव आणि पुढं १२३, नाहीतर मोबाईल नंबर. रिकव्हरी नंबर कधी कधी दुकानातलाच. बापूंना पासवर्ड माहीतच नसतो, गरजच पडत नाही. मग तेच खातं घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये टाकतात, टीव्हीवर यूट्यूबला टाकतात, पोरीला ऑनलाइन ॲडमिशनसाठी जुना फोन दिला तर त्याच्यात पण तेच. सातबारा काढायला गेलो की तिथल्या कॉम्प्युटरवर मेल उघडला, प्रिंट घेतली, आणि लॉगआऊट न करताच घरी. म्हणजे एका खात्यावर अख्खं घर शोधतंय.

आणि मग हे होतं. पोरगी तिच्या फोनवर शोधते, "पाळी उशिरा येण्याची कारणं". साधी गोष्ट आहे, कुणाचीही उशिरा येते, अभ्यासाच्या टेन्शननं येते. दुसऱ्या दिवशी बापू त्यांच्या फोनवर पाऊस कधी येणार ते बघायला "पा" टाइप करतात आणि खाली घड्याळाच्या चिन्हासोबत पहिलं काय येतं? तेच. ते घड्याळाचं चिन्ह म्हणजे या खात्यावरून हे आधी शोधलेलं आहे. आता त्या घरात संध्याकाळी काय होईल, पोरीचं कॉलेज चालू राहील का, हे मी सांगायला नको. "मला काय लपवायचंय" असं जो म्हणतो ना, त्यानं हे बघावं, कारण तो एकट्याचं बोलतो आणि खात्यावर चार जण असतात. सुनेनं माहेरच्या वाटणीबद्दल शोधलेलं असतं, भावानं नोकरी सोडायचं शोधलेलं असतं. कंपनी बघते हा एक भाग झाला, पण जवळचं माणूस बघतं त्याचा चटका आपल्याकडं जास्त आणि लगेच बसतो.

क्रोममधलं इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारी खासगी विंडो, लावलं की झालं असं पण बरेच जण समजतात. त्यानं एवढंच होतं की त्या फोनवर हिस्टरी राहत नाही, म्हणजे घरच्यांपासून आडोसा मिळतो, तेवढा उपयोग आहेच. पण वेबसाइटला, नेट देणाऱ्या कंपनीला आणि सर्च इंजिनला तुमची रिक्वेस्ट जातेच. याच्यावरून २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर केस झाली होती, आणि २०२४ च्या तडजोडीत इन्कॉग्निटोमधून गोळा झालेले अब्जावधी रेकॉर्ड डिलीट करायचं गुगलनं कबूल केलं. लोकेशनचं पण तसंच. लोकेशन हिस्टरी बंद केली तरी दुसऱ्या सेटिंगमधून ठिकाण साठत होतं, ते २०१८ मध्ये बाहेर आलं आणि २०२२ मध्ये गुगलनं अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ते प्रकरण ३९ कोटी डॉलरच्या वर रक्कम देऊन मिटवलं. त्या दुसऱ्या सेटिंगचं नाव लक्षात ठेवा, वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी. आपल्याला तेच उघडायचंय.

कायद्याचं म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, पुट्टस्वामी केस. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्याच्यापुढं अजून १८ महिने दिलेत. दंड २५० कोटींपर्यंत आहे. चांगलं आहे, पण तोपर्यंत आपलं खातं आपणच बघायचं.

चला, आता करा माझ्यासोबत. फोनची सेटिंग उघडा, त्यात गुगल, त्यात तुमचं खातं मॅनेज करा, वर सरकवत "डेटा आणि गोपनीयता" वर या. तिथं वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी दिसेल. फोनच्या कंपनीनुसार नाव थोडं इकडंतिकडं असेल. आत ऑटो डिलीट आहे, ३ महिने, १८ महिने, ३६ महिने. ३ करा. २०२० नंतर काढलेल्या खात्यांना बहुतेक आपोआप १८ लागलेलं असतं, जुन्या खात्यांना काहीच लागलेलं नसतं, म्हणून जुनं खातं असेल तर आजच बघा. सगळं बंद पण करता येतं, पण लक्षात घ्या, बंद केलं म्हणजे पुढचं थांबतं, मागचं तसंच पडून राहतं, ते वेगळं डिलीट करावं लागतं. आणि क्रोमची हिस्टरी वेगळी असते, ती पण साफ करा.

यानं फोटो, मेल, सेव्ह केलेले नंबर, कशालाच हात लागत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण लोक भीतीपोटी दाबतच नाहीत.

दुसरं, त्याच ठिकाणी "सुरक्षा" मध्ये तुमची डिव्हाइसेस बघा. ओळखीचा नाही असा फोन किंवा कॉम्प्युटर दिसला, तर तिथूनच साइन आऊट. रिकव्हरी नंबर तुमचा आहे का बघा, दुकानातला असेल तर आधी तो बदला आणि मग पासवर्ड बदला, याच क्रमानं, म्हणजे मध्येच अडकणार नाही. आणि जमत असेल तर घरात प्रत्येकाचं खातं वेगळं करा, पोरींचं तर नक्कीच, फुकट आहे.

तिसरं, सर्च इंजिन. मी दोन ठेवतो. बाजारभाव, रस्ता, दुकान कधी उघडतं, हे गुगलवर, कारण मराठीत आणि गावपातळीवर तेच चांगलं चालतं, हे मान्य करायला पाहिजे. दुखणं, कर्ज, घरातल्या भानगडी, हे डकडकगोवर. मराठी रिझल्ट तिथं जरा कच्चे येतात, ते बरंचसं बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनवरून घेतं, पण आजाराची माहिती नीट मिळते. लिंकवर गेल्यावर ती वेबसाइट तुम्हाला बघतेच, तिथं ते काही करू शकत नाही.

आणि आईचा, बापूंचा फोन कराल तेव्हा त्यांना शेजारी बसवून, त्यांच्या देखत करा. हिस्टरी उघडून वाचत बसू नका, सरळ ऑटो डिलीटवर जा, ३ महिने लावा आणि फोन त्यांच्या हातात परत द्या.