लाल तेल आणि रक्तातली साखर

(दृश्य: पामच्या झाडावरून उतरवलेला घड, लालभडक फळं)

निवेदन: मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं हे झाड. याच्या एकाच फळातून दोन तेलं निघतात. गाभ्याच्या तेलात संपृक्त मेद ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणून मधुमेहाच्या चर्चेतून ते बाजूलाच ठेवू. विषय गराच्या तेलाचा.

(दृश्य: काचेच्या भांड्यात गडद लाल तेल)

हा रंग कॅरोटीनचा. सोबत ई जीवनसत्त्वाच्या कुळातली टोकोट्रायनॉल. साखर सतत चढी राहिली की पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो. मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा, रक्तवाहिन्या यांना झळ बसते. टोकोट्रायनॉल हा ताण हलका करतील, ही आशा तिथूनच आली. मधुमेहींवर छोट्या चाचण्याही झाल्या. काहींत मूत्रपिंडाचं काम थोडं सुधारलेलं दिसलं, साखरेबाबतचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय रुग्णांना दिली होती ती कॅप्सूल, भाजीतलं तेल नाही.

(दृश्य: शुद्धीकरणाचा कारखाना, फिकट पिवळं तेल)

शुद्धीकरणात तेल २०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं आणि कॅरोटीन जवळपास सगळं जातं. राहतं ते पामिटिक आम्ल, म्हणजे संपृक्त मेदाचाच एक प्रकार, तेलाच्या सुमारे ४४ टक्के. प्रयोगशाळेत पेशींना हे आम्ल जास्त मिळालं की इन्सुलिनचा निरोप आत नीट पोचत नाही. २०१६ साली १०२ आहार-चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. संपृक्त मेदाऐवजी सूर्यफूल, सोयाबीन, अक्रोड यांत असतो तसा बहुअसंपृक्त मेद घेतला, तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं मोजमाप, थोडं उतरतं, असं त्यात दिसलं. पाम तेलात हा मेद जेमतेम १० टक्के.

(दृश्य: फळं वाफवणारी गिरणी, गाळातून वेगळं होणारं पाणी)

खरी गंमत या पाण्यात आहे. फळातली पॉलिफेनॉल नावाची वनस्पतीजन्य संयुगं पाण्यात विरघळतात, तेलात फारशी उतरतच नाहीत. मलेशियात त्यांचा अर्क काढला गेला. नाईल उंदराला पिष्टमय आहारावर माणसासारखाच मधुमेह होतो. हा अर्क दिल्यावर तो लांबला. म्हणजे फळाचा मधुमेहावरचा सगळ्यात उठून दिसणारा परिणाम तेलाच्या बाटलीत नाहीच, आणि तोही अजून उंदरांतला.

(दृश्य: चमच्याने मोजून कढईत घातलेलं लाल तेल)

लाल तेल आवडत असेल तर रोजच्या तेलातलं तेवढं कमी करून वापरावं. त्यात कर्बोदकं नसल्याने ते स्वतः साखर चढवत नाही, पण ग्रॅमला ९ कॅलरी आहेतच. त्याच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा बदलू नये.