दुष्काळ नेमका कधी संपतो?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे असते: ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. दुष्काळ ओसरल्याचे सांगणारी अशी एकच खूण मात्र कुठेही नाही. पाऊस, पिके, धरणे आणि विहिरी यांच्यापुरता तो वेगवेगळ्या वेळी संपतो.

हवामानशास्त्रात पावसाची दीर्घकालीन नोंदींशी तुलना करून प्रमाणित पर्जन्य निर्देशांक काढतात. तो उणे एकपर्यंत घसरला की दुष्काळ मानतात आणि शून्याच्या वर आला की तो संपला असे धरतात. मात्र तीन महिन्यांच्या पावसावर काढलेला निर्देशांक आणि चोवीस महिन्यांचा निर्देशांक वेगळी उत्तरे देऊ शकतात. पहिला जमिनीतल्या ओलीच्या जवळचा, तर दुसरा धरणे व भूजलाच्या.

कोल्हापूर जिल्ह्यात तर अंतरही आड येते. गगनबावडा-राधानगरीकडे पावसाची झड लागली की भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी दुथडी भरून वाहतात, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि पंचगंगा पात्राबाहेर येते. त्याच दिवसांत पूर्वेकडच्या शिरोळ-हातकणंगल्यात, आणि त्याही पलीकडे सांगली जिल्ह्यातील जत-आटपाडीच्या माळावर, पेरणी खोळंबलेली असू शकते. शहरातल्या पुरावरून तिथला दुष्काळ हटला असे म्हणणे धाडसाचे आहे.

एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जाऊ लागले. जूनमध्ये पावसाळा लागला, तरी ती गाडी ऑगस्टपर्यंत धावत राहिली, कारण पाऊस सुरू होणे वेगळे आणि शहराच्या नळाला पुरेल इतका साठा होणे वेगळे.

सर्वांत उशिरा सावरतात त्या विहिरी. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. पहिल्या सरी तापलेली माती पिऊन टाकते, धो धो पडलेला पाऊस ओढ्यावाटे निघून जातो, आणि भूजलासाठी खरी कामाची ठरते ती संथ, दिवसचे दिवस टिकणारी रिपरिप, जिची बातमी सहसा होत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवते. ऑक्टोबरच्या नोंदीतून पावसाळ्यात किती पाणी मुरले ते कळते. उपसा सोसून त्यातले किती उरले, हे पुढच्या मे महिन्याची नोंद सांगते, आणि विहिरींपुरता दुष्काळ सरला की नाही याचा निकाल तोवर राखून ठेवावा लागतो.