आई की बाई?

आयोजकांनी मला विषय दिलाय ‘कुटुंब, शिक्षण आणि श्रद्धा’. शब्द तिन्ही भारदस्त आहेत. मुलांना शाळेत न पाठवता मी घरीच शिकवते, त्यामुळे आमच्या घरी मात्र ते एकाच टेबलावर असतात, तेही बहुतेक वेळा पसाऱ्याखाली. म्हणून टेबलापासूनच सुरुवात करते.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. अपूर्णांकांची बेरीज चालली होती, दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. तिने अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला आणि उत्तर लिहिलं, तीन सप्तमांश. सलग तिसऱ्यांदा. खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं, त्यातून मागच्या पानावरचं शुद्धलेखन दिसत होतं. माझा आवाज चढला. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, “आत्ता ओरडली ती आई की बाई?”

“का गं?”

“बाई ओरडली असेल तर मला आईकडे जायचंय.”

शाळेत जाणाऱ्या मुलाचं एक बरं असतं. तिथे रडू आलं तर घर असतं आणि घरी कोंडल्यासारखं झालं तर शाळा असते. आमच्या मुलांना दोन्ही दारांत मीच उभी दिसायचे. घरी शिकवणाऱ्यांना लोक नेहमी विचारतात, मित्र कसे मिळणार, परीक्षांचं काय? अकरा वर्षं मी या प्रश्नांना उत्तरं देतेय. खरं सांगायचं तर ते अवघड नाहीत. मित्र मिळतात. मोठ्या मुलाने परीक्षा बाहेरून दिली, पास झाला. अवघड प्रश्न त्या मुलीने विचारला होता.

मी या वाटेला लागले ती दोन कारणांनी. घरच्या शिक्षणाची आधुनिक चळवळ अमेरिकेत उभी राहिली तीही अशीच दोन बाजूंनी. एकीकडे जॉन होल्ट. हे पाचवीला शिकवणारे शिक्षक. वर्गात मुलं शिकण्याऐवजी बाईंना हवं ते उत्तर हुडकायला शिकतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. 1977 साली त्यांनी शाळेविना शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक काढलं. दुसरीकडे रेमंड आणि डोरोथी मूर हे धार्मिक वृत्तीचं जोडपं. लहान मुलांना औपचारिक धड्यांना जुंपायची घाई करू नका, असं ते सत्तरच्या दशकात मांडत होते. एकाला मूल मोकळं हवं होतं, दुसऱ्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या बऱ्याच पालकांना ते आपल्या श्रद्धेत वाढायला हवं होतं. कायद्याशी लढताना दोघे शेजारी होते, म्हणून त्यांच्यातला फरक तेव्हा फारसा जाणवला नसावा. माझ्या घरात तो जाणवला. मी होल्टचं नाव घेऊन मुलांना शाळेतून काढलं, पण मनातला हिशेब वेगळा होता. घरी राहिली तर पोरं आपल्या वळणावर जातील, असा.

त्या हिशेबाने मी प्रार्थना वेळापत्रकात घातली. साडेआठ ते पावणेनऊ, शुद्धलेखनाच्या आधी. झाली की वहीत टिक. वरच्या अपूर्णांकांच्या प्रसंगानंतर एक-दोन दिवसांतली गोष्ट. प्रार्थनेचा शेवटचा शब्द संपायच्या आत मुलीने डोळे उघडले आणि म्हणाली, “झाली ना? टिक कर.” तिचं काही चुकलं नव्हतं. मीच तिला शिकवलं होतं.

घरी शिकवलेला सगळ्यांत गाजलेला मुलगा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल. वडील जेम्स मिल यांनी त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक सुरू केलं. आमच्यासारख्या पालकांना हे ऐकून एक तर स्फुरण चढतं, नाहीतर घाम फुटतो. त्यातलं एक दृश्य मला फार आवडतं. वडील हिंदुस्थानचा इतिहास लिहीत बसलेत (हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता, पण ते असो) आणि त्याच टेबलाशी मुलगा ग्रीक वाचतोय. ग्रीक-इंग्रजी शब्दकोश तेव्हा नव्हता, म्हणून अडलेला प्रत्येक शब्द तो वडिलांना विचारतोय. एरवी कमालीचे उतावीळ असलेले वडील प्रत्येक वेळी लेखणी थांबवून सांगताहेत. घरच्या शिक्षणाचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

पण तोच मिल पुढे आत्मचरित्रात लिहितो की मुलांशी वागताना वडिलांत कोवळीक नव्हती. आणि छापलेल्या आत्मचरित्रात आई जवळजवळ कुठे नाहीच. विसाव्या वर्षी, 1826 मध्ये, तो आतून कोसळला. बाई होती, आई नव्हती, असं माझी मुलगी म्हणाली असती.

श्रद्धेच्या बाबतीत जेम्स मिल माझ्या अगदी उलट टोकाला. धर्मोपदेशक व्हायचं शिक्षण घेऊन पुढे त्यांनी श्रद्धाच सोडली. ‘मला कोणी निर्माण केलं?’ याला उत्तर नाही, कारण लगेच ‘देवाला कोणी निर्माण केलं?’ हा प्रश्न येतो, असं त्यांनी मुलाला सांगितलं. आणि हेही बजावलं की ही मतं चारचौघांत बोलण्यासारखी नाहीत. इतक्या लहान वयात विचार मनात दाबून ठेवायची सवय लागणं हे नुकसान होतं, असं मिलने पुढे लिहिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात म्हटलं, बघा, नास्तिकाच्या घरी असं होतं. तेव्हा आमचा थोरला शेजारच्या खोलीत होता.

तो पंधराचा असताना एका संध्याकाळी म्हणाला, “मला नाही वाटत कोणी ऐकत असेल.” माझ्याकडे उत्तरं तयार होती, चांगली पाठ होती. पण तोंडातून निघालं, “कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

दोन वर्षं तो रोज साडेआठला माझ्या शेजारी डोळे मिटून बसला होता. त्याच्या नावापुढच्या सगळ्या टिका माझ्याच हातच्या आहेत.

1972 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात योडर खटल्याचा निकाल लागला. आमिश या आधुनिक जगापासून अंतर राखून राहणाऱ्या ख्रिस्ती समाजातल्या तीन बापांनी आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आठवीपुढे शाळेत पाठवायला नकार दिला होता, त्यांना प्रत्येकी 5 डॉलर दंड झाला होता. न्यायालयाने बापांची बाजू घेतली. घरी शिकवणारे आम्ही लोक तो निकाल अभिमानाने सांगतो. त्यातलं न्यायमूर्ती डग्लस यांचं अंशतः वेगळं मत मात्र सांगत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या मुलांना कोणी विचारलंय का? एका मुलीची साक्ष झाली होती, बाकीच्यांची नाही. पूर्वी मला हा माणूस घरात नाक खुपसणारा वाटायचा. आता वाटतं, तो आमच्या टेबलाशी दोन वर्षं आधी येऊन बसला असता तर बरं झालं असतं.

आमच्याकडे काय बदललं, तर मुलगी गणित दुसऱ्या बाईंकडे शिकते. त्या माझ्याहून कडक आहेत. तिथून आली की त्यांच्या तक्रारी माझ्याकडे करते, आणि त्या ऐकताना मला जो आनंद होतो तो त्यांना कळू देऊ नका. टिकांची वही बंद आहे. साडेआठला मी एकटी बसते. मुलगी कधी येते, कधी मध्येच उठून जाते. मुलगा पलीकडे वर्तमानपत्र वाचत असतो. मी डोळे मिटले की पानं हळू उलटतो.