चार बाय सातचं बाथरूम आणि वॉलपेपर

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा विषय निघाला की हल्ली वॉलपेपरचाही निघतो. हॉलच्या एका भिंतीला तो लावलेला असतो, सगळ्यांना आवडलेला असतो, आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, "बाथरूममध्येही लावूया का?" मुंबई-ठाण्यातल्या फ्लॅटांची आतली कामं करताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. लावायला हरकत नाही, असंच मी सांगते. फक्त आधी भिंत निवडा, कागद मग.

याचं कारण आपल्या आंघोळीत आहे. मोबाइलवर बाथरूमची जी सुंदर चित्रं दिसतात, त्यांतल्या बहुतेक खोल्यांत आंघोळच होत नाही. तिथे एक बेसिन आणि एक कमोड, एवढंच असतं. किंवा शॉवर काचेच्या आड असतो आणि बाकीची खोली कोरडी राहते. आपल्याकडे बादली-तांब्याची आंघोळ. पाणी चारी भिंतींवर उडतं, वर आपण आठवड्याला जमिनीबरोबर टाइल्सही घासून धुतो. त्यामुळे सात फुटांपर्यंतची भिंत टाइल्सचीच. तिथे कितीही भारी कागद लावला तरी तो टिकणार नाही, आणि दुकानदार काहीही म्हणाला तरी मी तो लावू देत नाही.

मग उरतं काय? टाइल्स संपतात तिथून छतापर्यंतची दोन-अडीच फुटांची पट्टी. संडास आणि न्हाणी वेगळी असेल, तर संडासाच्या भिंती. बेसिन बाहेर पॅसेजमध्ये असेल, तर त्याच्या आरशामागची भिंत. ऐकायला हे थोडं वाटतं. पण लहान खोलीत एवढंच पुरतं, कारण दार उघडल्याबरोबर नजर नेमकी तिथेच जाते.

भिंत ठरली की तिची ओल तपासायची, आणि या पायरीला मुळीच फाटा देऊ नका. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारी कडांना चिकटपट्टी लावून तो भिंतीवर घट्ट बसवा. एक दिवस, एक रात्र तसाच राहू द्या. काढताना भिंतीकडच्या बाजूला दव जमलेलं दिसलं, तर ओल भिंतीच्या आतून येते आहे. वरच्या मजल्यावरची गळती असेल, डक्टमधला पाइप झिरपत असेल किंवा बाहेरच्या गिलाव्याला तडा गेला असेल. ते काम आधी करून घ्या. पाण्याचे थेंब खोलीच्या बाजूला दिसले, तर ती आंघोळीची वाफ आहे. तिला एक्झॉस्ट फॅनचा उपाय आहे, आणि तो फॅन आंघोळ झाल्यावरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा. भिंतीला लोणा लागला असेल, पोपडे निघत असतील, तर प्लॅस्टिक लावण्याचीही गरज नाही. ती भिंत ओली आहेच.

ओल्या भिंतीवर प्लॅस्टिकचा थर असलेला कागद लावला की पाणी आत कोंडतं. वरून फुलं छान दिसत राहतात आणि मागे पुट्टी भुसभुशीत होते, बुरशी धरते. कागद आणि खळ हे दोन्ही बुरशीचं अन्न. पूर्वी मैद्याच्या खळीत मोरचूद घालत, ते कीड आणि बुरशी लागू नये म्हणूनच. आता तयार पावडरीचा गोंद मिळतो. त्याच्या पुडीवर बुरशीरोधक असल्याचं लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या.

ओल्या वॉलपेपरचा एक जुना आणि भयंकर किस्सा आहे. १७७५ मध्ये शील या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून एक हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घराघरांत आर्सेनिकच्या हिरव्या रंगांचे वॉलपेपर लागले. दमट खोल्यांमधली माणसं आजारी पडू लागली. १८९० च्या दशकात इटलीतल्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी दाखवून दिलं की अशा रंगावर वाढणारी बुरशी लसणासारख्या वासाचा आर्सेनिकयुक्त वायू सोडते. आज रंगात आर्सेनिक नसतं, त्याची भीती नको. पण बुरशी तीच आहे, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर तिचे बीजाणू त्याला त्रास देतातच. म्हणून ओलीच्या बाबतीत मी एवढी आग्रही आहे.

आता कागद. साधा कागदी वॉलपेपर बाथरूमसाठी घेऊच नका. व्हिनाइलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला आणि पाठीला नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या धाग्यांचं अस्तर असलेला मागा. हे अस्तर भिजलं तरी फारसं फुगत नाही. गोंद थेट भिंतीला लावता येतो, आणि पुढे काढायची वेळ आली तर कागद बहुधा अख्ख्या पट्ट्यांनी निघतो. रोलच्या लेबलवर लहान लहान खुणा असतात, त्या वाचा. पाण्याची एक लाट असेल तर तो नुसता ओल्या स्पंजने टिपायचा. दोन लाटा म्हणजे पुसून धुता येतो, तीन म्हणजे अधिक चांगला धुता येतो. ब्रशची खूण असेल तर घासलेलंही चालतं. आपल्यासाठी तीन लाटांच्या खाली जाऊ नये. मागे चिकट असलेले स्टिकरसारखे कागद भाड्याच्या घरात सोयीचे, पण ते गुळगुळीत ऑइल पेंटवर टिकतात, डिस्टेंपरवर नाही.

किती रोल लागतील हा हिशेब जरा कागदावर मांडून बघा, कारण इथे पैसे वाया जातात. समजा बाथरूम चार बाय सात. चारी भिंती मिळून बावीस फूट, आणि वरची पट्टी दोन फूट उंच. म्हणजे ४४ चौरस फूट. बाजारातला नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, साधारण ५७ चौरस फुटांचा. दुकानदार म्हणेल, एक रोल पुरे. नक्षी जुळवायची नसेल तर तो बरोबर आहे. २१ इंचांचे तेरा तुकडे लागतात. कापण्यासाठी तीन इंच जास्त धरले तर एक तुकडा २७ इंचांचा, सगळे मिळून २९ फूट आणि थोडं. पण नक्षी दर २१ इंचांनी पुन्हा येत असेल, तर शेजारची पानं-फुलं जुळायला प्रत्येक तुकडा ४२ इंचांनंतरच सुरू करावा लागतो. तेरा तुकड्यांना साडेपंचेचाळीस फूट, म्हणजे दोन रोल! आखूड पट्टीसाठी म्हणून जुळवणी न लागणारी नक्षी घ्यावी. लेबलवर बाणाशेजारी शून्य असेल, तर ती तशी आहे.

नक्षीचं म्हणाल तर लहान खोलीला बारीक नक्षीच हवी, हे मला पटत नाही. टाइल्सच्या रेघा, नळ, गीझर, हँगर यांची तिथे आधीच दाटी असते. त्यात बारीक बुट्टे आले की नजरेला उसंत मिळत नाही. मोठं, मोकळं पान शांत वाटतं. उभे पट्टे मात्र टाळा. आपल्या इमारतींचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात, आणि पट्ट्यांनी ते लगेच उघडे पडतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल, तर बेसिनजवळ गडद चकचकीत कागद नको, कारण प्रत्येक शिंतोड्याचा पांढरा डाग उठतो. आणि नमुन्याचा तुकडा घरी आणून बाथरूमच्याच दिव्याखाली बघा. दुकानात पिवळट दिव्यात ऊबदार वाटलेला बदामी रंग आपल्या पांढऱ्या दिव्यात राखाडी दिसू शकतो.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ठाण्यातल्या एका घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी होत्या, नजर अधू. त्यांच्या संडासात टाइल्स पांढऱ्या, कमोड पांढरा, झाकण पांढरं. त्यांना कमोडची कड नीट दिसायची नाही, त्या चाचपडत बसायच्या. कमोडमागच्या कोरड्या भिंतीला आम्ही साधा, नक्षी नसलेला गडद निळा कागद लावला आणि हाताने धरायचा दांडाही वेगळ्या रंगाचा घेतला. पांढरा कमोड उठून दिसू लागला. आजी कुणाला हाक न मारता जाऊ लागल्या. घरात वयस्कर माणूस असेल, तर सुशोभनाआधी याचा विचार करा, आणि त्यांच्यासाठी गजबजलेली नक्षी निवडू नका. अधू नजरेला ती गोंधळात टाकते.

काम पावसाळ्यात काढू नका. भिंती सुकायला दसरा उलटू द्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. लावताना कारागिराला टाइल आणि कागद यांच्या सांध्यावर सिलिकॉनची बारीक रेघ ओढायला सांगा, म्हणजे खालून पाणी चढणार नाही. सगळे रोल एकाच बॅच नंबरचे आहेत हे पाकिटं फोडण्याआधी तपासा, नाहीतर एकाच रंगाच्या दोन छटा भिंतीवर दिसतील. उरलेला तुकडा लेबलासकट कपाटात जपून ठेवा. गीझर दुरुस्त करताना कागद एखाद्या ठिकाणी फाटला, तर तोच उपयोगी पडतो.

नमस्कार.