सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक

[दृश्य : नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, रात्र. गोलफलकावर ०-०.]

३० ऑक्टोबर २०२२. १७ वर्षांखालील महिला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन विरुद्ध कोलंबिया. ८१ मिनिटं गोलफलक कोरा होता. ८२व्या मिनिटाला चेंडू कोलंबियाच्या अ‍ॅना गुझमनला लागून तिच्याच जाळ्यात गेला आणि तेवढ्या एका गोलवर स्पेननं सलग दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला.

स्वयंगोल झाला की दोष सगळा त्या एका मुलीवर जातो. पण असे गोल कुठे होतात ते बघा. गोलरक्षक आणि बचावफळी यांच्यामध्ये काही मीटरची एक पट्टी असते. तिथे बाजूनं जोरदार, जमिनीलगत क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेवरून गोलसमोर मारलेला चेंडू, येतो. बचावपटू स्वतःच्याच गोलकडे तोंड करून पळत असते. चेंडू सोडला तर मागची आघाडीपटू पाय लावणार, अडवायला गेली तर तो कुठे उडेल याचा नेम नाही. यावर उपाय करायचा तर क्रॉस सुटायच्या आधीच करावा लागतो. बचावपटूनं खांद्यावरून मागे एक नजर टाकायची आणि गोलरक्षकानं वेळेत मोठ्यानं हाक द्यायची, ‘सोड’ किंवा ‘मार’.

ही हाक शिबिरात शिकवता येते. ऐंशी मिनिटं धावून झाल्यावरही ती आपसूक तोंडून निघावी, यासाठी मात्र सामने खेळावे लागतात. भरपूर सामने, आणि तेही तुल्यबळ संघांशी. हा विश्वचषक तीन आठवड्यांत खेळला जातो, पण त्याचा बराचसा निकाल त्याआधीच्या चार-पाच वर्षांत मुलीला किती सामने मिळाले, यावर ठरलेला असतो.

[दृश्य : जन्मदाखले, पासपोर्ट. टेबलावर नोंदणीचे अर्ज.]

सुरुवात वयापासून करू. ‘१७ वर्षांखालील’ म्हटलं तरी इथे वाढदिवस बघत नाहीत, जन्मवर्ष बघतात. २०२२च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००५ ते ३१ डिसेंबर २००७ या काळात जन्मलेली मुलगी पात्र होती. म्हणजे नियमानं चौदा वर्षांची आणि सतरा पूर्ण झालेली मुलगी एकाच संघात खेळू शकत होती. या वयात तीन वर्षांचा फरक उंचीत, उडीत, धक्का झेलण्यात लगेच दिसतो.

त्यात स्पर्धा तेव्हा दोन वर्षांतून एकदा व्हायची. २००५ साली जन्मलेली मुलगी २०२२मध्ये वयोगटाच्या वरच्या टोकाला होती. २००६ची मुलगी त्या वेळी एक वर्ष मागे, आणि २०२४ उजाडलं तेव्हा सीमा २००७वर सरकलेली. तिला मिळाली ती एकच संधी, तीही आपल्याहून मोठ्या मुलींशी झुंजायची. गुण तेवढेच, मेहनत तेवढीच, फरक फक्त जन्मसालाचा. ही स्पर्धा सम वर्षीच व्हायची, त्यामुळे सम वर्षी जन्मलेल्या मुलींवर हा अन्याय दर खेपेला झाला.

वय तपासणं मुलींच्या बाबतीत जास्त अवघड असतं. मुलांच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात २००९पासून मनगटाचा एमआरआय काढला जातो. हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा पूर्ण जुळून आलेली दिसली, तर तो मुलगा बहुधा वयाबाहेरचा. मुलींमध्ये ही कूर्चा लवकर जुळते, त्यामुळे वयात बसणारी मुलगीही नाहक बाद होऊ शकते. म्हणून मुलींसाठी ही चाचणी भरवशाची मानत नाहीत. भिस्त राहते ती कागदपत्रांवर. जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, पासपोर्टवर नाव तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं, असं असेल तर ते निवडीनंतर निस्तरायला वेळ पुरत नाही. प्रशिक्षकानं मुलगी बारा-तेरा वर्षांची असतानाच हे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

भारतात ही स्पर्धा मुळात २०२०मध्ये होणार होती. कोविडमुळे ती आधी २०२१वर गेली आणि मग रद्द झाली. २०२२चं यजमानपद भारताला मिळालं, पण २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या मुली तोवर वयाबाहेर गेल्या होत्या. त्यांनी केलेल्या तयारीला विश्वचषकाचं मैदान कधी मिळालंच नाही. पुढे ऑगस्ट २०२२मध्ये, स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना, फिफानं भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. निलंबन त्याच महिन्यात उठलं म्हणून स्पर्धा भारतात झाली.

[दृश्य : भुवनेश्वरचं कलिंग स्टेडियम, मडगावचं फातोर्डा, नवी मुंबई.]

१६ संघ, चार गट, ३२ सामने, तीन शहरं. प्रत्येक संघात २१ खेळाडू, त्यात तीन गोलरक्षक. कोलंबियाचं वेळापत्रक बघा : १२, १५, १८, २२, २६ आणि ३० ऑक्टोबर. १९ दिवसांत सहा सामने, मध्ये विमानप्रवास, आणि ऑक्टोबरचा दमट उकाडा. फिफाच्या मार्गदर्शनानुसार ओल्या-गोळ्याचं तापमान, म्हणजे उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा यांचा एकत्रित आकडा, ३२ अंशांच्या वर गेला की प्रत्येक अर्धात साधारण तीन मिनिटांची विश्रांती देता येते.

अशा वेळापत्रकात प्रशिक्षकाची परीक्षा सामन्याच्या दुसऱ्या दिवशी असते. पूर्ण सामना खेळलेल्या मुलींना हलकं धावणं, ताण काढणं, झोप. राखीव बाकावरच्या मुलींना त्याच सकाळी कडक सराव, कारण त्यांचे पाय सामन्याच्या वेगाला सरावलेले राहिले पाहिजेत. हे उलटं झालं, सगळ्यांना सरसकट सारखाच सराव दिला, की तिसऱ्या सामन्यापर्यंत अकरा जणी थकतात आणि दहा जणी गंजतात.

आता भारताचा गट. भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. तीन सामन्यांत १६ गोल स्वीकारले, एकही करता आला नाही. अमेरिकेनं चार-पाच गोलांनंतर हात आखडता का घेतला नाही, असं विचारलं गेलं. उत्तर गुणतक्त्यात आहे. अमेरिका आणि ब्राझील यांचा सामना १-१ बरोबरीत सुटला. दोघांचे गुण सात-सात झाले. मग गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा करून येणारा आकडा, मोजला गेला : अमेरिकेचा १२, ब्राझीलचा ६. गटात पहिलं कोण, हे भारताविरुद्धच्या आणि मोरोक्कोविरुद्धच्या गोलांनी ठरवलं. साखळी फेरीत जिंकणारा संघ थांबत नाही तो याचसाठी.

भारतीय मुली कमी धावल्या, घाबरल्या, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. मोरोक्कोविरुद्ध मध्यंतराला ०-० होतं. गोल आले ते दुसऱ्या अर्धात. बलाढ्य संघासमोर काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. गोलरक्षक बचावपटूकडे पास देते. चेंडू वाटेत असतानाच समोरची आघाडीपटू धावत सुटलेली असते. बचावपटूनं पास येण्याआधी आजूबाजूला पाहिलं असेल, शरीर अर्धं वळवून उभी असेल, तर पहिल्याच स्पर्शात चेंडू बाहेरच्या बाजूला सरकवून ती सुटते. सरळ उभी राहून चेंडू पायाखाली थांबवला, तर मान वर करेपर्यंत प्रतिस्पर्धी अंगावर आलेली असते. मग उरतो तो लांब फटका. चेंडू मध्यरेषेजवळ हरवतो आणि दहा सेकंदांत पुन्हा आपल्याच गोलसमोर येतो. असं वीस वेळा झालं की पाय जड होतात, मध्यरक्षक आणि बचावपटू यांच्यातलं अंतर वाढतं, आणि त्या मोकळ्या जागेतून गोल होतात.

ही अर्धं वळून उभं राहण्याची सवय कुणी मुलीला चार महिन्यांत लावू शकत नाही. स्वीडनच्या महिला संघाचे माजी प्रशिक्षक थॉमस डेनर्बी भारतीय संघाला शिकवत होते. शिकवणाऱ्याच्या अनुभवात उणीव नव्हती. उणीव होती दर आठवड्याला होणाऱ्या, चुरशीच्या, वयोगटाच्या लीगची.

[दृश्य : सराव. मुली उडी मारून दोन्ही पायांवर उतरतात. कॅमेरा गुडघ्यांवर.]

इथे गुडघे बघा. उडीवरून उतरताना दोन्ही गुडघे पावलांच्या बोटांच्या रेषेत राहिले पाहिजेत. ते आत, एकमेकांकडे झुकले, तर गुडघ्यातल्या पुढच्या क्रूशिएट अस्थिबंधावर ताण येतो. हा अस्थिबंध फाटला की शस्त्रक्रिया, आणि मैदानावर परतायला बहुधा नऊ महिने ते वर्ष. किशोरवयीन मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि पुष्कळदा कुणाशी टक्कर न होता, नुसतं थांबताना किंवा वळताना होते.

यासाठी फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्मअप आहे. १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं. पहिली आठ मिनिटं संथ धावणं आणि ताण, मग दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटची दोन मिनिटं वेगानं धावणं आणि दिशा बदलणं. आठवड्यातून निदान दोनदा, वर्षभर. चुकतं कुठे? मधली दहा मिनिटं कंटाळवाणी म्हणून गाळली जातात, आणि गुडघा वाचवण्याचं मुख्य काम तर तिथेच होतं. दुसरी चूक म्हणजे व्यायाम मोजून घेतात, पण उतरताना गुडघा कुठे गेला ते कुणी बघत नाही. दोघींची जोडी लावावी. एकीनं करावं, दुसरीनं समोरून बघून लगेच सांगावं.

गोलरक्षकाबद्दल प्रेक्षक फार कठोर बोलतात. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, वरिष्ठांच्या विश्वचषकात असतो तेवढाच. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आडव्या दांड्याखालच्या फटक्याला हात लावू शकेल की नाही, हे बऱ्याच अंशी ती किती मीटर पुढे उभी आहे यावर ठरतं. फार पुढे गेली तर डोक्यावरून चेंडू, रेषेवर राहिली तर दोन्ही कोपरे उघडे. ही जागा दर फटक्याला नव्यानं ठरवावी लागते.

[दृश्य : मडगाव, उपांत्य फेरी.]

या स्पर्धेत बाद फेरीत जादा वेळ खेळवला गेला नाही. ९० मिनिटांनंतर बरोबरी असली की थेट पेनल्टी शूटआउट. कोवळ्या शरीरांसाठी हा निर्णय योग्यच होता. नायजेरियानं अमेरिकेला असंच हरवलं, आणि उपांत्य फेरीत ०-० नंतर तोच नायजेरिया कोलंबियाकडून ५-६ असा पडला. तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनीशी ३-३, आणि पुन्हा पेनल्टी. या वेळी नायजेरिया जिंकला. एका स्पर्धेत तीन शूटआउट खेळणाऱ्या या मुलींची हिंमत अंतिम सामन्याइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२०२२मध्ये या स्पर्धेत पहिल्यांदाच व्हीएआर, म्हणजे पडद्यावर चित्रण बघून मैदानावरच्या पंचांना मदत करणारे व्हिडिओ पंच, वापरलं गेलं. २०२४ला डॉमिनिकन प्रजासत्ताकात त्याजागी साधी, कमी खर्चाची पद्धत आजमावली. तिथे पडद्यामागे व्हिडिओ पंच नसतात. प्रशिक्षकाला सामन्यात दोन वेळा दाद मागता येते : घटना घडताच बोट हवेत गोल फिरवायचं आणि विनंती चौथ्या पंचांकडे द्यायची. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड किंवा चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, एवढ्याच बाबतीत. पंच स्वतः मैदानाकडेच्या पडद्यावर बघून ठरवतात. दाद बरोबर निघाली तर ती संधी शिल्लक राहते. खर्च कमी, म्हणून लहान लीगमध्येही ही पद्धत परवडू शकते.

कोलंबियाची लिंडा कैसेडो त्या एका वर्षात जुलैमध्ये वरिष्ठांची कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेची स्पर्धा, ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील विश्वचषक आणि ऑक्टोबरमध्ये भारतातला हा विश्वचषक खेळली. वय सतरा. पुढच्या वर्षी तिनं वरिष्ठांच्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल केला. पुढे जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली स्पेनची आयताना बोनमाती २०१४च्या याच स्पर्धेत उपविजेत्या संघात होती. उत्तर कोरियानं ही स्पर्धा सर्वाधिक, चार वेळा जिंकली आहे : २००८, २०१६, २०२४ आणि २०२५.

२०२५पासून स्पर्धा मोरोक्कोत दरवर्षी भरते, २४ संघ आणि ५२ सामने. जन्मवर्षाचा तो जुना अन्याय यानं बराच कमी होईल, कारण आता प्रत्येक सालच्या मुलींना त्यांच्या वयाच्या टोकावर खेळता येईल. भारताची महिला लीग २०२३-२४पासून घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२५मध्ये बिश्केकला भारताच्या १७ वर्षांखालील मुलींनी आधी किरगिझस्तानला आणि मग उझबेकिस्तानला, दोन्ही वेळा २-१ असं हरवलं. पात्रता फेरी जिंकून या वयोगटाच्या आशियाई चषकात भारत पहिल्यांदाच पोचला. यजमान म्हणून मिळालेली जागा नव्हे ही, मैदानावर कमावलेली आहे.